बेघर व्हेटरनला घर मिळवून द्यायचं तर नेमकं काय करायचं

११ नोव्हेंबर जवळ आला की आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, चला यंदा व्हेटरन्स डेला रस्त्यावरच्या व्हेटरन लोकांना, म्हणजे माजी सैनिकांना, ब्लँकेटं वाटू. मग कॉस्टकोतून चाळीस ब्लँकेटं येतात, फोटो निघतात आणि पुढच्या पावसात तीच ब्लँकेटं फ्रीवेखाली भिजून पडलेली दिसतात. मी पण तीन वर्षं हेच केलंय त्यामुळे कोणाला नावं ठेवत नाहीये. चौथ्या वर्षी मात्र एका माणसाच्या मागेच लागलो, त्याच्या हातात किल्ली येईपर्यंत, सात महिने गेले त्यात, आणि तेव्हा कळलं की व्हेटरन लोकांसाठी पैसा आहे, प्रोग्रॅम आहेत, गाडी अडते ती दोनच ठिकाणी. एक कागद आणि दुसरं घरमालक. आणि ह्या दोन्ही जागी आपल्यासारखा नोकरी करणारा, फॉर्म भरायची सवय असलेला माणूस खरंच कामाला येतो. आपण एच-वन ते ग्रीन कार्डपर्यंत कागदांच्या जिवावरच आलोय की इथं.

मी बे एरियात राहतो त्यामुळे खाली जिथं राज्याचे कायदे येतील ते कॅलिफोर्नियाचे समजा, बाकीचं सगळ्या अमेरिकेत लागू आहे.

आधी एक शंका मिटवून टाकू कारण ती मलाही होती. मी साताऱ्याचा. आमच्याकडे रिटायर्ड फौजी म्हणजे गावात पक्कं घर, पेन्शन, कँटीनचं कार्ड आणि ग्रामपंचायतीत वट. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत जिथं घराघरातून माणूस फौजेत जातो. त्यामुळे सॅन होजेत पुठ्ठ्यावर व्हेटरन लिहून सिग्नलला उभा असलेला माणूस पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं खोटं बोलतोय. पण इथं साधारणपणे २० वर्षं नोकरी झाली तरच पेन्शन, आणि बहुतेक पोरं चार-पाच वर्षं करून बाहेर पडतात, म्हणजे आपल्याकडे बहुतेक अग्निवीर कसे चार वर्षांनी बाहेर येणार तसं समजा, हातात पेन्शन काही नाही. जखम किंवा आजार नोकरीमुळे झालेला असेल तर व्हीएकडून, म्हणजे सरकारच्या व्हेटरन्स खात्याकडून, डिसॅबिलिटीचे पैसे मिळतात पण ते आपोआप नाही, अर्ज करायचा, सिद्ध करायचं. मग घटस्फोट, दारू, नोकरी जाणं, डोक्यातलं युद्ध न संपणं, आणि कॅलिफोर्नियाचं भाडं. एवढं पुरतं.

आणि हो, हे काम होण्यासारखं आहे. २०१० च्या मोजणीत अमेरिकेत साधारण ७४ हजार व्हेटरन बेघर होते, जानेवारी २०२४ च्या मोजणीत ३२,८८२. त्याच २०२४ मध्ये एकूण बेघर लोकांचा आकडा ७ लाख ७१ हजारांवर गेला, आदल्या वर्षीपेक्षा १८ टक्के जास्त. म्हणजे बाकी सगळे वाढतायत आणि व्हेटरन निम्म्याहून कमी झालेत. जादू काही नाही, ह्यांच्यासाठी भाड्याचं व्हाउचर (भाड्याचा मोठा भाग सरकार भरतं) आणि सोबत केस मॅनेजर (त्याचं प्रकरण सांभाळणारा माणूस) असा जोड अमेरिकेच्या संसदेने, काँग्रेसने, पैसे देऊन चालू ठेवला.

तर आता सुरुवात कुठून. बोलण्यापासून. आणि "आर यू अ व्हेटरन?" असं विचारू नका. ऐकायला विचित्र वाटेल पण भरपूर लोक ह्याला नाही म्हणतात. बायका तर फार, कारण त्यांना वाटतं व्हेटरन म्हणजे लढाईत गेलेला पुरुष. नॅशनल गार्डवाले, म्हणजे राज्याच्या दलातले अर्धवेळ सैनिक, नाही म्हणतात. ज्यांचा डिस्चार्ज बिघडलाय, म्हणजे फौजेतून सुटताना वाईट शेरा मिळालाय, ते लाजेने नाही म्हणतात. त्यापेक्षा विचारा, तुम्ही कधी मिलिटरीत होता का, गार्डमध्ये, रिझर्व्हमध्ये? गार्ड-रिझर्व्हमध्ये फक्त ट्रेनिंग झालं असेल तर पुढे पात्रतेत अडचण येते पण ते ठरवणं तुमचं काम नाही, तुम्ही फक्त विचारा.

माझं पहिलं संभाषण खरं तर मी केलंच नाही. मित्राचे वडील साताऱ्याहून आले होते, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, त्यांना घेऊन लायब्ररीत गेलो होतो. बाहेर बाकावर एकजण बसला होता, साठीच्या पुढचा, टोपीवर युनिटचा बिल्ला. काका सरळ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाले, "व्हिच युनिट? आय इन्फंट्री." तो माणूस उठून उभा राहिला. खरंच उभा राहिला, गुडघा धरून. पुढची वीस मिनिटं दोघं काय बोलले देव जाणे, अर्धं हातवाऱ्यांनी, पण त्याने त्या वीस मिनिटांत काकांना जेवढं सांगितलं तेवढं मला पुढच्या दोन महिन्यांत सांगितलं नाही. जाताना काका मला मराठीत म्हणाले, "ह्याचा पाय दुखतोय आणि कागद हरवलेत, एवढं कर बाबा." तर मुद्दा हा की कुठली ब्रँच, कुठं पोस्टिंग, काय काम होतं, हे विचारा. युद्धात कोणाला मारलं का वगैरे अजिबात नाही. आणि सर म्हणा, आवडतं त्यांना.

माणूस तयार असेल तर तिथंच, त्याच वेळी फोन लावा. १-८७७-४२४-३८३८, व्हीएची बेघर व्हेटरन लोकांसाठीची हॉटलाइन, चोवीस तास चालू, फुकट, आणि व्हेटरनसाठी दुसरा कोणीही फोन करू शकतो. फोन तुमचा, स्पीकरवर त्याचा आवाज, असं करा. नंबर कागदावर लिहून देऊन निघून येऊ नका, तो फोन होत नाही. ह्या कॉलनंतर जवळच्या व्हीएच्या होमलेस टीमकडे त्याचं नाव जातं. जीवाचं काही बोलत असेल, मरायच्या गोष्टी, तर मग ही हॉटलाइन नाही, ९८८ लावा आणि १ दाबा, ती व्हेटरनसाठीची क्रायसिस लाइन.

आता इथं एक गंमत, म्हणजे गंमत नाही, चांगल्या मनाच्या लोकांची हमखास होणारी चूक. आपल्याला दया येते आणि आपण म्हणतो चल माझ्या गॅरेजमध्ये झोप, किंवा मी तुला पंधरा दिवस मोटेलमध्ये ठेवतो. सरकारी व्याख्येत रस्त्यावर, गाडीत किंवा शेल्टरमध्ये झोपणारा माणूस बेघर. सरकारने किंवा धर्मादाय संस्थेने पैसे भरलेल्या मोटेलमध्ये असला तरी बेघर. पण मित्राच्या सोफ्यावर झोपलेला किंवा स्वतःच्या पैशाने मोटेलात राहणारा माणूस त्या व्याख्येतून बाहेर पडू शकतो, आणि मग व्हाउचरच्या रांगेत त्याचं प्रकरण अडकतं. म्हणून मोठा उपकार करायच्या आधी टीमला विचारा. थंडीपावसाची रात्र आहे आणि माणूस कुडकुडतोय तर अर्थातच आत घ्या, व्याख्या गेली खड्ड्यात, पण दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा. आणि तो कुठं कुठं कधीपासून झोपतोय ह्याची तारखांसकट एक नोंद वहीत ठेवा, पुढे कितीवेळा विचारतात ते बघा.

कागदांबद्दल जरा सविस्तर सांगतो.

मुख्य कागद डीडी-२१४. फौजेतून सुटताना मिळतो, त्यात कधी भरती, कधी सुटला, आणि कसा सुटला हे सगळं. त्याच्या वेगवेगळ्या कॉप्या असतात आणि आपल्याला लागते ती मेंबर-४ लिहिलेली, कारण मेंबर-१ नावाच्या छोट्या कॉपीवर डिस्चार्ज कसा झाला तेच छापलेलं नसतं. माझ्या माणसाने, त्या बाकावरच्यानेच, हरवण्यातून वाचलेला एक कागद मला अभिमानाने दाखवला, ब्रेडच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळलेला, घड्यांवर फाटलेला, आणि ती निघाली मेंबर-१. चाळीस वर्षं जपून ठेवलेला चुकीचा कागद. काय बोलणार. रकाना २४ बघायचा, तिथं ऑनरेबल लिहिलेलं असेल तर मार्ग मोकळा, जनरल असेल तरी घराच्या प्रोग्रॅमना साधारण चालतं. अदर दॅन ऑनरेबल असेल तर लोक स्वतःच आशा सोडतात आणि तिथंच चुकतं, कारण घराचे बरेचसे प्रोग्रॅम आता त्यांनाही घेतात. अडतं ते डिसऑनरेबल आणि जनरल कोर्ट मार्शल झालेल्यांचं.

कागद नसेल तर सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे मागवायचा. ऑनलाइन होतं पण त्यासाठी ओळख पटवायची असते, त्याला स्मार्टफोन आणि आयडी लागतो, आणि ज्याच्याकडे ते आहे तो बहुतेक वेळा रस्त्यावर नसतोच. मग एसएफ-१८० नावाचा फॉर्म छापायचा, त्याची सही घ्यायची, सहीशिवाय काही होत नाही, आणि पोस्टाने किंवा फॅक्सने पाठवायचा. पत्ता कोणाचा द्यायचा हे आधी ठरवा, शेल्टर किंवा आउटरीच ऑफिस (रस्त्यावरच्या लोकांपर्यंत जाणाऱ्या टीमचं) पत्र घेतं का विचारून घ्या. फार म्हातारा माणूस असेल, आर्मीतून १९६० च्या आधी सुटलेला, तर मनाची तयारी ठेवा. १२ जुलै १९७३ ला त्या सेंटरमध्ये आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या, आर्मीच्या १९१२ ते १९६० मधल्या साधारण ८० टक्के. त्यांचं रेकॉर्ड मग पगाराच्या नोंदी वगैरे जोडून नव्याने उभं करतात. होतं, पण वेळ लागतो.

आणि हे सगळं सांगून झाल्यावर मुख्य गोष्ट, ह्या कागदासाठी थांबू नका. मी सहा आठवडे थांबलो मूर्खासारखा. व्हीएची स्क्वेअर्स म्हणून एक सिस्टिम आहे, त्यात ज्या संस्थांना परवानगी आहे ते नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर टाकून माणूस व्हेटरन आहे का, कुठल्या प्रोग्रॅमला बसतो हे पटकन बघू शकतात. मी सहा आठवडे पोस्टपेटी उघडून बघत होतो आणि आउटरीचवाल्या बाईंनी चहा संपायच्या आत सांगितलं हो आहे तो पात्र.

त्यापेक्षा आयडी आणि सोशल सिक्युरिटी कार्डाच्या मागे लागा, कारण घरमालक आणि हाउसिंग ऑथॉरिटी (व्हाउचर चालवणारं स्थानिक सरकारी ऑफिस) दोघं ते मागतात. कॅलिफोर्नियात बेघर माणसाला डीएमव्हीचं (लायसन्स आणि आयडी देणारं ऑफिस) आयडी कार्ड फुकट मिळतं, जन्मदाखलाही ह्या राज्यातला असेल तर फुकट. डीएमव्हीची अपॉइंटमेंट तुम्ही घ्या, गाडीने घेऊन जा, सोबत बसा. हे सोबत बसणं म्हणजे काय ते एकदा करून बघा. एका ऑफिसात आम्हाला तीन तास बसवून सांगितलं की फॉर्मवर निळी शाई चालणार नाही. मी भडकलो, तो शांत होता, म्हणाला यापेक्षा वाईट लाइनीत उभा राहिलोय. मी नसतो तर तो पहिल्या तासातच उठून गेला असता, हे त्याने नंतर कबूल केलं.

सगळ्या कागदांचे फोटो काढून एका ईमेलमध्ये ठेवा, त्याच्या नावाचं अकाउंट काढून, पासवर्ड त्याच्या पाकिटात आणि त्याची परवानगी असेल तर तुमच्या वहीत. पाठीवरची बॅग चोरीला जाते, हमखास जाते. फोन नसेल तर कमी उत्पन्नवाल्यांसाठी लाइफलाइन स्कीममध्ये फोन मिळतो. एकदा नंबर ठरला की तो बदलू देऊ नका, अर्धी प्रकरणं केस मॅनेजरने फोन केला आणि नंबर बंद होता यावर मरतात.

आता प्रोग्रॅम. नावं भयंकर आहेत पण तीन लक्षात ठेवली तरी पुरे.

एसएसव्हीएफ. हा तातडीचा. स्थानिक ना-नफा संस्था चालवतात, पैसा व्हीएचा. डिपॉझिट, काही महिन्यांचं भाडं, थकलेलं लाइट बिल, सामान हलवायचा खर्च, असं सगळं बसतं. आणि हा फक्त रस्त्यावर आलेल्यांसाठी नाही, ज्याच्या हातात घर खाली करायची नोटीस पडलीय त्याच्यासाठी पण आहे. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल, ऑफिसमधला सिक्युरिटी गार्ड म्हणा, मुलांच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर म्हणा, तर त्याला घर जायच्या आधी फोन करायला लावा. एकदा घर गेलं की सगळं दसपट अवघड.

हड-व्हॅश. हे मोठं काम. हड म्हणजे गृहनिर्माण खातं व्हाउचर देतं आणि व्हीए केस मॅनेजर देतं. माणूस स्वतःच्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं भरतो, उरलेलं हाउसिंग ऑथॉरिटी थेट घरमालकाला. १९९२ ला छोट्या प्रमाणावर सुरू झालं, २००८ पासून दरवर्षी वाढत आज देशभर एक लाखाच्या वर व्हाउचर आहेत. वेळेचं बंधन नाही, माणूस नियमात बसतोय तोपर्यंत चालू राहतं. ह्यात नेहमीच्या सेक्शन एटसारखी (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी भाड्याची मदत) वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट नसते, व्हीए नाव पाठवते. आणि आधी दारू सोड मग घर देऊ असं नाही, आधी घर मग बाकीचं. आपल्या लोकांना हे पचत नाही, मला पण नव्हतं पचलं. पण गाडीच्या मागच्या सीटवर झोपून दारू सोडून दाखवा म्हणणं म्हणजे काय ते एक रात्र झोपून बघितल्यावर कळेल.

तिसरं ग्रँट अँड पर डीएम, लोक जीपीडी म्हणतात, तात्पुरती राहायची सोय, व्हाउचर होईपर्यंत. कोणाला काय द्यायचं ते टीम ठरवते, तुम्ही मध्ये पडून हेच द्या असा हट्ट करू नका. दर दहा दिवसांनी नम्रपणे विचारत राहा फक्त. केस मॅनेजरवर भरपूर माणसं असतात, ज्याच्या मागे विचारणारा कोणी आहे त्याची फाइल वर राहते. हे बरोबर नाही पण हे असंच आहे, इथं पण आणि साताऱ्याच्या तहसील कचेरीत पण.

बाजूला एक काम चालू ठेवा, डिसॅबिलिटीचा क्लेम. काउंटीचा व्हेटरन सर्व्हिस ऑफिसर असतो, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही ह्या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त लोक असतात, सगळे फुकट अर्ज भरून देतात. पहिल्या अर्जासाठी कोणी पैसे मागितले, किंवा मिळतील त्यातला हिस्सा मागितला, तर तिथून उठा. अशा टोळ्या फार झाल्यात आणि पहिल्या क्लेमसाठी फी घेणं कायद्यात बसतच नाही. माझ्या माणसाचा गुडघा आणि कान, दोन्ही नोकरीत गेलेले, त्याने कधी अर्जच केला नव्हता. का, तर म्हणे माझ्यापेक्षा वाईट हाल झालेले आहेत, त्यांना मिळू दे.

आता घरमालक, म्हणजे खरं तर आपण.

व्हाउचर हातात आलं की लोकांना वाटतं काम झालं. इथून खरी कटकट. हड-व्हॅशमध्ये घर शोधायला सुरुवातीला किमान १२० दिवस मिळतात, मुदत वाढवून मिळते, पण साठीतला माणूस, क्रेडिट स्कोअर नाही, मागच्या घराची रेफरन्स नाही, कदाचित जुनी एव्हिक्शन (घरातून काढल्याची नोंद), तो झिलो ह्या घर शोधायच्या साइटवर काय करणार. इथं तुम्ही बसा त्याच्या शेजारी. रोज दहा फोन. काय बोलायचं ते आधी लिहून काढा: एक माणूस, पाळीव प्राणी नाही, भाड्याचा मोठा भाग सरकारकडून थेट, केस मॅनेजर सोबत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून केवळ व्हाउचर आहे म्हणून नाही म्हणणं बेकायदेशीर आहे, जाहिरातीत नो सेक्शन एट लिहिणं पण. उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं असा नियम लावला तर तो माणसाच्या वाट्याच्या भाड्यावर लावायचा, पूर्ण भाड्यावर नाही. आणि २०२४ पासून व्हाउचरवाल्याचा क्रेडिट रिपोर्टच बघून नाकारता येत नाही, भाडं भरू शकतो ह्याचा दुसरा पुरावा द्यायची संधी द्यावी लागते. फोनवर हे कायदे सुरुवातीलाच फेकू नका, समोरचा सावध होतो आणि मग घर नुकतंच गेलं असं सांगतो. शेवटचं हत्यार म्हणून ठेवा.

पण आपल्यातल्या किती जणांचे इथं एक्स्ट्रा कॉन्डो आहेत मोजा जरा. पहिलं घर घेतलं, मुलं झाल्यावर मोठं घेतलं, पहिलं भाड्याने दिलं. आमच्या गणपतीच्या पंगतीत बारा जणांत पाच लँडलॉर्ड निघाले. मी विषय काढला तर एक मित्र म्हणाला,

"अरे सेक्शन एट? नको रे बाबा, घराची वाट लावतील."

म्हटलं, "तुझा आत्ताचा भाडेकरू कोण आहे?"

"सॉफ्टवेअरवाला आहे, एकदम डिसेंट."

"लेऑफ झाला की भाडं कोण देणार?"

गप्प बसला. मग म्हणाला बघू. लोक बघू म्हणाले म्हणजे नाही असतं हे आपल्याला माहितीय, शेवटी मी माझाच कॉन्डो दिला, दोन वर्षं झाली.

कसं होतं ते सांगतो. भाडेकरू पसंत केला की हाउसिंग ऑथॉरिटीचा एक फॉर्म भरायचा, भाडं किती, लाइट-पाणी कोण भरणार. ते लोक बघतात आजूबाजूच्या भाड्याशी जुळतंय का. मग इन्स्पेक्शन. ते पास झाल्यावरच अॅग्रीमेंट आणि ऑथॉरिटीशी वेगळा करार, आणि पास व्हायच्या आधीच्या दिवसांचं भाडं ते देत नाहीत, त्यामुळे उत्साहात आधी किल्ली देऊ नका. माझं पहिलं इन्स्पेक्शन नापास. मला वाटलं होतं किचन नवीन केलंय, क्वार्ट्झचा ओटा बघून खूश होतील. त्या माणसाने ओट्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ गॅरेजमध्ये जाऊन वॉटर हीटरजवळ वाकला आणि म्हणाला प्रेशर व्हॉल्व्हला खाली येणारी नळी कुठाय. नव्हती. मग बेडरूमच्या खिडकीचं लॉक लागत नव्हतं, हॉलमधला स्मोक अलार्म मुका. होम डेपोत चाळीस डॉलर आणि एक शनिवार, पुढच्या वेळी पास. तर तुम्ही देणार असाल तर स्मोक आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्म, सगळ्या खिडक्यांची लॉक, सिंकजवळच्या प्लगचं टेस्ट बटण आणि ही नळी, एवढं आधीच बघून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर पहिला हप्ता यायला वेळ लागू शकतो, थोडी गंगाजळी ठेवा. नंतर महिन्याच्या सुरुवातीला ऑथॉरिटीचा भाग बँकेत येतो. डिपॉझिट बहुतेक वेळा एसएसव्हीएफ किंवा दुसऱ्या कुठल्या फंडातून निघतं. आणि भाडेकरूशी काही वाजलं तर फोन करायला एक केस मॅनेजर असतो, ही सोय सॉफ्टवेअरवाल्याच्या बाबतीत नाही. सगळं छान असतं असं म्हणत नाही, मला एकदा रात्री अकरा वाजता खालच्या शेजाऱ्याचा फोन आला की वर टीव्ही फार मोठा आहे. कान गेलेला माणूस, मोठाच असणार. वायरलेस हेडफोन दिला, संपलं.

घर मिळाल्यावर पहिले दोन-तीन महिने नाजूक असतात, इथं तुमच्या ब्लँकेटवाल्या ग्रुपला खरं काम आहे. रिकाम्या घरात माणूस जातो तेव्हा त्याच्याकडे कॅन उघडायचं ओपनर पण नसतं. शॉवरचा पडदा, टॉवेल, झाडू, कमोडचा प्लंजर, एक पातेलं, एक तवा, दोन ताटल्या, दिव्याचे बल्ब, औषधाच्या वेळेसाठी भिंतीवरचं घड्याळ. गादी मात्र नवीन घ्या, वापरलेली नको, ढेकूण आले तर घर जाण्यापर्यंत गोष्ट जाते. आमच्या वहिनींनी प्रेमाने प्रेशर कुकर दिला होता, शिट्टी झाल्यावर तो माणूस बाहेर पळाला, परत आणला तो. आवाजाचं लक्षात ठेवा, दिवाळीत पण.

लाइट-गॅसचं बिल त्याच्या नावावर होताना कमी उत्पन्नाची सवलत लावून घ्या, फॉर्म एका पानाचा आहे. कॅलफ्रेश, म्हणजे कॅलिफोर्नियातली कमी उत्पन्नवाल्यांची किराण्याची मदत, लावा, किराण्याचं भागतं. भाड्याचा त्याचा वाटा बँकेतून आपोआप जाईल असं करा, बँक खातं नसेल तर आधी ते. आणि जा अधूनमधून. रस्त्यावर माणसाला कंपनी असते, कशी का असेना, घरात एकदम सुनं होतं. माझा माणूस पहिले तीन आठवडे बेडवर झोपला नाही, दाराजवळ जमिनीवर, बूट घालून. केस मॅनेजर म्हणाली झोपू दे, टोकू नका. चौथ्या आठवड्यात गेलो तर बूट दाराबाहेर काढून ठेवलेले होते, आणि मला म्हणाला तू पण काढ, कार्पेट साफ केलंय.

सुभेदार काकांना साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावून दिला त्या दिवशी. त्यांनी पहिलं विचारलं, पायाचं काय झालं. ऑपरेशनची तारीख आली होती, ती सांगितली.